गोशाळेचा नेम



कीर्तन आटोपले, आरती झाली, की मंडळी भोवती बसतात. पूर्वी प्रश्न यायचे ते सगुण-निर्गुणाचे, नामाचे, प्रारब्धाचे. ते आजही येतात. पण अलीकडे आमच्या पालीच्या परिसरात हमखास एक नवा प्रश्न येतो. "बुवा, आमच्या गावी गोशाळा काढावी म्हणतो. कशी काढावी? लोक मदत करतील का?" विचारणारे भाविक असतात, तरुण असतात, डोळ्यांत पाणी आणून बोलतात. त्यांना दोन शब्दांत वाटेला लावणे बरे नव्हे. म्हणून या अंकात सविस्तर विवेचन करतो.

आमचे पाली हे बल्लाळेश्वराचे क्षेत्र. एका बाजूस सरसगड, दुसऱ्या बाजूस आंबा नदी. अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची वर्दळ वर्षभर. खोपोलीकडून पालीवरून वाकणला जाणाऱ्या रस्त्याने पावसाळ्याच्या रात्री जो गेला असेल त्याने पाहिलेच असेल. भर रस्त्यात गुरे बसलेली असतात. माणसे म्हणतात, जनावराला अक्कल नाही. अहो, अक्कल आहे म्हणूनच ती तेथे बसतात! सगळे शिवार चिखलाने भरलेले, रानात माशा आणि डास; कोरडी आणि जरा उबदार अशी एकच जागा उरते, ती म्हणजे डांबरी रस्ता. तेथेच ती गाडीखाली सापडतात. कित्येकदा दुचाकीवरचा माणूसही जातो. दयेचा उगम असा डोळ्यांसमोर आहे. तो कोणी शिकवावा लागत नाही.

मग शिकवायचे काय? आमचे सांगणे एकच आहे. गोशाळा दयेने सुरू होते, पण चालते ती नेमाने. वारकऱ्याला नेम म्हणजे काय हे सांगायला नको. माळ एकदा घालायची, एकादशी दर पंधरवड्याला, वारी दर वर्षाला. एखाद्या वर्षी उमाळा आला म्हणून पंढरी गाठली आणि पुढे दहा वर्षे फिरकलो नाही, त्याला वारी म्हणत नाहीत. गोसेवेचे तसेच आहे. उमाळा एका दिवसाचा, आणि जनावराला भूक रोजची.

शब्दांचा विचार

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. आपला 'गोठा' हा शब्द संस्कृत 'गोष्ठ' यावरून आला. गाई उभ्या राहतात ते ठिकाण म्हणजे गोष्ठ. गोठा घरधन्याचा असतो. त्यात दुभती, कामाची जनावरे. 'कोंडवाडा' हा सरकारी किंवा ग्रामपंचायतीचा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू तेथे कोंडायचे आणि दंड भरून सोडवायचे. त्याचा कायदा १८७१ सालचा. 'पांजरपोळ' ही गुजराथेकडून आलेली संस्था. लंगडी, आंधळी, म्हातारी, टाकून दिलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळायची, त्यांच्याकडून उत्पन्नाची आशा धरायची नाही, हा तिचा धर्म. 'गोशाळा' हा शब्द आपण आज सर्वांनाच लावतो, आणि घोटाळा तेथेच होतो. दुधासाठी काढलेली गोशाळा निराळी, वाणाच्या जोपासनेसाठी काढलेली निराळी, आणि टाकलेल्या जनावरांचा आश्रय निराळा. पहिलीत जमा असते. तिसरीत बहुतेक खर्चच. जो तिसरी काढतो आणि पहिलीचा हिशेब मनात धरतो, तो दुसऱ्याच वर्षी रडकुंडीस येतो. आपण येथे तिसरीचा, म्हणजे आश्रयाचा विचार करीत आहोत.

शास्त्र काय म्हणते

गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वभावकर्मांचे वर्णन आहे. वर्णाचा वाद आज बाजूला ठेवू. फक्त गोपालनाचा उल्लेख कोठे आला ते पाहू. भगवंतांनी ते शेती आणि व्यापार यांच्या शेजारी बसविले आहे. पूजा, जप, तप यांच्या ओळीत नाही. याचा अर्थ काय? गोपालन हे काम आहे. त्याला शेतीसारखी मेहनत लागते आणि व्यापारासारखी वही लागते. गाईला हळदकुंकू वाहणे ही पूजा झाली. तिच्या गव्हाणीत वैशाखातही वैरण असणे हे पालन झाले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कळपांचे प्रकार सांगताना 'भग्नोत्सृष्टक' असा एक प्रकार येतो. भग्न म्हणजे मोडलेले, उत्सृष्ट म्हणजे सोडून दिलेले. आजारी, व्यंग झालेली, धार न देणारी जनावरे एका कळपात वेगळी ठेवून त्यांच्या सांभाळाची व्यवस्था लावायची. प्रत्येक जनावराची खूण, रंग, शिंगांचे लक्षण यांची नोंद करायची. जनावर मेले तर पुरावा दाखवायचा. पाहा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथातही दयेबरोबर वही होतीच!

आणि कालिदासाचा दिलीप राजा आठवा. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात तो वसिष्ठांच्या नंदिनीची सेवा करतो. सार्वभौम राजा स्वतः तिच्यामागे रानात चालतो, गवताचे घास भरवतो, अंग खाजवतो, गोमाश्या हाकलतो, ती बसली की बसतो, ती उठली की उठतो. असे एकवीस दिवस. सिंहापुढे देह टाकण्याचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्याआधीचे एकवीस दिवस कोणी सांगत नाही. आम्हांस त्या एकवीस दिवसांचे मोल अधिक वाटते. परीक्षा एका क्षणाची होती, पण तिच्यात उतरण्याचे बळ रोजच्या सेवेने आले.

आजची गरज का वाढली

कोणी म्हणेल, पूर्वी गावोगाव गोशाळा नव्हत्या, मग आताच का? कारण उघड आहे. पूर्वी बैलाशिवाय नांगरट नव्हती, शेणाशिवाय राब नव्हता. म्हातारे जनावरही शेणापुरते दावणीला राहायचे. आता पॉवर टिलर आला, पोती भरून खत आले, चाकरमानी मुंबईला गेले, आणि गावी राहिली म्हातारी माणसे. त्यांना स्वतःचे होईना, गुरामागे रानात कोण जाणार? त्यातच ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईप्रमाणे बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. कायद्याने सुरी थांबवली, पण गव्हाण भरण्याचे काम कायदा करीत नाही. ते समाजानेच करायचे. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात मोकाट गुरांची संख्या ५० लाखांवर भरली.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. गुरू सोडून देणाऱ्या शेतकऱ्याला कीर्तनात पापी म्हणून झोडपू नये. ज्याची दोन एकर भातशेती, ज्याचा मुलगा शहरात, त्याने भाकड गाय आठ-दहा वर्षे कशाच्या जोरावर पोसावी? त्याच्या घरी गाय सुटते त्या दिवशी बाई जेवत नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे. शिव्याशापाने त्याची गव्हाण भरत नाही.

पहिला नेम : चाऱ्याआधी जनावर नाही

आता मुख्य विषयास हात घालतो. बहुतेक गोशाळा कशाने बुडतात? पैशाच्या टंचाईने, असे लोक म्हणतात. आमच्या पाहण्यात त्या बुडतात अति स्वीकाराने. एका ठिकाणी, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, वीस जनावरांची सोय होती. भाविकांनी आणून सोडलेली, अडवलेल्या गाड्यांतून आलेली धरून आकडा शंभरावर गेला. नाही म्हणायचे कसे, हा भिडेचा प्रश्न! ज्येष्ठ उजाडता उजाडता पेंढा संपला. पावसाच्या पहिल्या झडीत अशक्त जनावरे चिखलात बसली ती उठलीच नाहीत. खाटकापासून सोडवून उपाशी मारले, तर जनावराच्या दृष्टीने फरक काय पडला? कठोर बोललो, पण विचार करावा.

म्हणून साधे गणित मांडू. आपल्या कोकणातील गाय अंगाने लहान. शास्त्रज्ञांनी २०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने तिची वेगळी जात म्हणून नोंद केली, तीच ही आपली डोंगरात चरणारी काटक गाय. तिला रोज सुमारे सहा किलो कोरडी वैरण धरा. वर्षाचे झाले २,१९० किलो. पावसाळ्याचे चार महिने ती रानात चरून पोट भरते असे मानले, तरी उरलेल्या आठ महिन्यांना दीड टन पेंढा हवाच. भातशेतीच्या एका एकरात साधारण एक ते दीड टन पेंढा निघतो. म्हणजे हिशेब पाठ करण्याजोगा आहे : एक जनावर, एक एकर.

आणखी पुढे चला. गाय भाकड होते ती दहा-बारा वर्षांची असताना. नीट सांभाळली तर अठरा-वीस वर्षे जगते. म्हणजे दारात उतरवून घेतलेली एक गाय ही आठ वर्षांचे वचन आहे. आठ वर्षे, दर वर्षी दीड टन, म्हणजे बारा टन पेंढा! हा आकडा गोशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. जनावर घेऊन येणाऱ्या सज्जनाने आधी तो वाचावा, मग दोर हाती द्यावा.

तेव्हा पहिल्या वर्षी दहाच जनावरे घ्यावीत. गावात ज्या शेतकऱ्यांनी गुरे ठेवणे सोडले आहे, अशांची दहा-पंधरा एकर भातखाचरे तरी सापडतातच. त्यांचा पेंढा आधी ठरवावा, उडवी रचून वर झाप किंवा ताडपत्री घालून मगच गुरू बांधावे. अकरावे आले तर? हात जोडून नाही म्हणावे आणि शेजारच्या गावात दुसरी गोशाळा उभी करण्यास मदत करावी. नाही म्हणणे हीसुद्धा आतल्या दहांची सेवाच आहे.

नुसत्या पेंढ्यात कस थोडा. भाताचा पेंढा पोट भरतो, अंगी लागत नाही. त्याला जोड म्हणून वरकस जमिनीत हत्तीगवत लावावे, भाताचा कोंडा, थोडी पेंड आणि खनिज मीठ द्यावे. पशुवैद्य पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया सांगतात. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, हवा न शिरेल असे झाकून एकवीस दिवस ठेवायचे. त्याने पेंढा मऊ होतो, कस वाढतो. मात्र हे जाणत्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावे. मापात चूक झाली, किंवा युरियाचे पाणी जनावर नुसते प्यायले, तर ते दगावते. लहान वासरांना तो पेंढा देऊ नये.

दुसरा नेम : रोजची सेवा

जागा उंचावरची, पाणी न साचणारी घ्यावी. आपल्याकडे पाऊस तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो. मिरगापासून नवरात्रापर्यंत जनावर ओल्यात उभे राहिले की खूर सडतात. गोठ्याच्या जमिनीला उतार हवा, तळाला खरबरीत दगड हवा. नुसती गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या जनावराला घसरवते, आणि एकदा पाय फाकला की ते पुन्हा उभे राहत नाही. पाणी रोज तीस-चाळीस लिटर दर जनावरामागे. दहा जनावरांना चारशे लिटर. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की ते कोठून आणणार, हे माघातच ठरवावे.

लसी चुकवू नयेत. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाआधी, लाळ-खुरकताची वर्षातून दोनदा. सरकारी दवाखान्यात कळवले की माणूस येतो. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रात कसा हाहाकार केला, गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून हा धडा घ्यावा की नवे आलेले जनावर तीन-चार आठवडे वेगळे बांधल्याशिवाय कळपात सोडू नये. त्याचे पाणी, भांडे, सेवेकरीही शक्यतो वेगळा. रस्त्यावरच्या जनावराच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचे गोळे असतात. ते खाते, पण खंगत जाते. यात्रेकरूंनी प्रसादाचे उरलेले अन्न पिशवीसकट टाकू नये, एवढे केले तरी अर्धी गोसेवा घडेल.

वळू आणि गाई एकत्र मोकळे ठेवले तर तीन वर्षांत दहाची वीस होतात. म्हणून गोऱ्ह्यांचे खच्चीकरण पशुवैद्याकडून, भूल देऊन करून घ्यावे. यात धर्माला बाध येत नाही. ज्याच्या वैरणीची तरतूद नाही अशा जिवाला जन्मास घालणे हेच अविचाराचे.

मृत जनावराचा विषय लोक टाळतात. आश्रयात म्हातारी गुरे आहेत, ती मरणारच. महात्मा गांधींनी १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या गोरक्षण परिषदेचे अध्यक्षपद घेतले. वाईचे चौंडे महाराज, ज्यांनी गोरक्षणाला आयुष्य वाहिले, त्यांच्या आग्रहाने ते घडले. गांधीजींचे त्या काळापासूनचे म्हणणे असे की पांजरपोळ गजबजलेल्या शहरातून मोकळ्या जमिनीवर न्यावेत आणि आपोआप मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उपयोग करावा, म्हणजे त्याचे उत्पन्न जिवंत जनावरांना लागेल. वर्ध्याजवळ नालवाडीस तसे चर्मालय चालविलेही गेले. आमच्या मंडळींना हे ऐकून शिसारी येते. पण बाबांनो, आपला मृदंग कशाने बोलतो? पुडी कातड्याचीच ना? ज्या हातांनी ती पुडी मढवली त्यांना संतांनी हृदयाशी धरले. तेव्हा कातड्याची सोय होत असेल तर करावी, नसेल तर खोल खड्ड्यात मीठ-चुना घालून पुरावे. पण नदीच्या काठी किंवा रानात फेकू नये.

तिसरा नेम : समाजाचा हातभार

आता पैशाचा प्रश्न. यासाठी आपल्याच प्रदेशात झालेली तीन उदाहरणे पाहू.

पहिले मुंबईचे. १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळींनी मोठा दंगा केला. पुढे दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई हे पारशी आणि मोतीशा सेठ हे जैन यांनी मिळून भुलेश्वरात पांजरपोळ उभा केला. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, तो चालू आहे. कशावर? त्या काळी व्यापारी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठरलेला 'लाग' देत, आणि संस्थेने जागा-इमारतींच्या भाड्याचे कायम उत्पन्न करून ठेवले. एकदाच मोठे दान आणि नंतर शुकशुकाट, असे झाले नाही.

दुसरे उदाहरण पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला आणि त्यातून तळेगावचा काचकारखाना १९०८ साली निघाला. एक पैसा म्हणजे काहीच नव्हे. पण देणारे असंख्य, आणि ज्याने पैसा दिला त्याला ती संस्था आपली वाटे.

तिसरे गाडगेबाबांचे. कीर्तनाच्या बळावर त्यांनी पंढरीची चोखामेळा धर्मशाळा बांधविली, मूर्तिजापूरला गोरक्षण उभारले. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण त्यांनी स्वतःसाठी भाकरीचा तुकडा आणि खापर एवढेच ठेवले. पैसा पंचांच्या हाती, हिशेब चारचौघांत. आम्हां कीर्तनकारांनी हा धडा कधी विसरू नये. गोशाळेसाठी झोळी फिरवावी, पण झोळीची गाठ पंचांनी सोडावी.

या तिन्हींचे सार काढून आपल्या गावापुरती रीत सांगतो.

पैशाआधी पेंढा मागावा. कोकणात आषाढीच्या सुमारास लावणी असते, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ वारकरी कार्तिकीला जातात. कार्तिकीपर्यंत झोडणी होऊन पेंढा खळ्यात असतो. आणि कार्तिकी एकादशीच्या तीनच दिवस आधी गोपाष्टमी येते. योग पाहा! गोपाष्टमीला प्रत्येक घराने आपल्या शक्तीप्रमाणे पेंढ्याचे भारे गोशाळेत आणून टाकावेत आणि मग वारीला निघावे. हा नेम गावाने धरला तर वर्षाची वैरण एका दिवसात उभी राहते. तोच पेंढा वैशाखात विकत घ्यायला जाल तर मिळत नाही.

ज्याने पेंढा दिला त्याला खत परत द्यावे. लहान गायही रोज आठ-दहा किलो शेण देते, वर्षाचे तीन टन ओले शेण. कुजून त्याचे दीड टन खत होते. म्हणजे एका एकराचा पेंढा गेला, त्याच एकराला खत आले. हे दान राहिले नाही, देवघेव झाली. देवघेव दानापेक्षा जास्त टिकते, हा आमचा अनुभव आहे. जास्तीचे खत आंबा-काजूच्या बागाईतदारांस विकावे.

शहरातील चाकरमान्यांनी आपल्या गावच्या एका जनावराची एका वर्षाची वैरण उचलावी. एकादशीला फराळाच्या पंक्ती उठतात. तेथे एक डबा ठेवावा. लग्न, बारसे, वर्षश्राद्ध यांत आहेराऐवजी पेंड-कोंड्याचे पोते मागावे. आणि गोदान करणाऱ्या यजमानास सांगावे की गाय देता तर पहिल्या वर्षाची वैरणही द्या. गरीब शेतकऱ्यास ही अट घालू नये, त्याचा भार गावाने घ्यावा.

सरकारचीही मदत आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दर दिवशी दर गाईमागे ५० रुपये अनुदानाची योजना मंजूर केली. वर्षाचे १८,२५० रुपये होतात. पण त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, कानात बिल्ले हवेत, कागद हवेत, आणि नव्या लहान गोशाळेस ते लगेच मिळेल असे धरून चालू नये. संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात आधी करून घ्यावी. सरकारी पैसा हा अवकाळी पावसासारखा समजावा. आला तर पिकाला लाभ, पण त्याच्या भरवशावर पेरणी करू नये.

आणि शेवटी फळा. देवळाच्या सभामंडपात एक काळा फळा टांगावा. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला त्यावर खडूने लिहावे : जमा किती, खर्च किती, पेंढा शिल्लक किती, जनावरे आली किती, मेली किती. मेलेल्यांचा आकडा लपवू नये. जी गोशाळा मरण लपवते तिच्यावरचा विश्वास एका अफवेने उडतो. जी सांगते, तिच्या दाराशी लोक विचारपूस करायला येतात, आणि येताना हात रिकामा नसतो.

शंका-समाधान

शंका : गोशाळेत गाईच ठेवाव्यात, की म्हैस, रेडा, शेळी, गाढव यांनाही घ्यावे?

समाधान : ज्ञानोबारायांनी पैठणास वेद वदविले ते रेड्याच्या मुखी. नाथांनी काशीची कावड रिकामी केली ती तहानेल्या गाढवाच्या तोंडात. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले ते कुत्र्यामागे. यांपैकी गाय कोणती? गाईचा महिमा थोर आहेच. पण वारकऱ्याने जात पाहून पाणी पाजले तर संतांचे चरित्र आपण कशाला गातो? मात्र पहिला नेम तेथेही लागू. वैरण असेल तेवढेच घ्यावे. मुंबईचा पांजरपोळही कुत्र्यांच्या कळवळ्यातूनच उभा राहिला हे विसरू नये.

शंका : परधर्मीयांचे साहाय्य घ्यावे काय?

समाधान : पांजरपोळ पारशी आणि जैन यांनी मिळून काढला हे वर आलेच. आणखी एक सांगतो. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी गाव आहे. तेथील शब्बीर सय्यद यांच्या घराण्यात वडिलांनी कत्तलीस निघालेल्या दोन गाई घरी ठेवून घेतल्या. मुलाने तो कळप शंभरावर नेला, तोही मराठवाड्याच्या दुष्काळी मुलखात, आणि कुटुंबाने मुख्यतः शेणखताच्या विक्रीवर तो सांभाळला. २०१९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आता सांगा, साहाय्य घ्यावे काय हा प्रश्न उरतो, की त्यांच्याकडून शिकावे कसे हा?

शंका : बुवा, आम्ही वारीला जातो, नामस्मरण करतो. एवढ्या उठाठेवीत भजन बुडणार नाही काय?

समाधान : शेण काढताना जीभ मोकळीच असते. हात कामात आणि मुखी नाम, ही तर आपल्या संप्रदायाची मुळाक्षरे. कोणी मळ्यात काम करता करता नाम घेतले, कोणी मडकी घडवताना, कोणी जात्यावर. गव्हाणीपाशी ते घेता येत नाही असे कोण म्हणतो? उलट पहाटे काकड्याला उठण्याची सवय ज्याला आहे त्यालाच हे काम जमते.

ज्यांच्या मनात गोशाळा काढायची आहे त्यांनी येत्या गोपाष्टमीआधी एवढेच करावे. गावातील भातखाचरांची आणि कोणाच्या दावणीला गुरे नाहीत त्यांची यादी करावी. पेंढा देण्याचा शब्द किती एकरांचा मिळतो ते मोजावे. जितके एकर तितकी जनावरे. एकही अधिक नाही. पाच एकरांचाच शब्द मिळाला तर पाच जनावरांची गोशाळा काढावी, आणि तिचे नाव मोठे ठेवू नये. पाच जनावरे आठ वर्षे पोटभर खाऊन, कोरड्या जागी बसून, माणसाच्या हाताखाली मेली, तर त्या गावाचा नेम पांडुरंगाच्या पायी रुजू झाला असे आम्ही समजू.

रामकृष्णहरि.